वकिलाच्या तोंडाला वास येतो

दि. ३ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

फोन सोडून पत्र का, असं तुला वाटेल. फोन बाबांच्या खुर्चीपासून हातभर अंतरावर आहे आणि ऐंशी ओलांडली तरी बाबांना नको ते सगळं स्वच्छ ऐकू येतं. मला जे सांगायचं आहे ते त्यांच्यासमोर बोलण्यासारखं नाही.

विषय वकिलाचा आहे. तू त्याला पिल्लू असताना पाहिलंस. आता नऊ वर्षांचा बाप्या झालाय. पण कोणी बोलायला लागलं की मान तिरकी करून दोन्ही बाजू ऐकून घ्यायची सवय अजून तशीच आहे, त्यामुळे बाबांनी ठेवलेलं नाव शोभतं. तर या वकिलाच्या तोंडाला गेला महिनाभर असा काही वास मारतोय की पुढच्या खोलीत थांबवत नाही. आणि पुढची खोली म्हणजे माझं दुकान. शिलाई मशीन तिथे, आरसा तिथे, माप द्यायला बायका येतात त्या तिथेच. रस्ता दिसतो म्हणून बाबांची खुर्चीही तिथे, आणि बाबांच्या पावलावर हनुवटी टाकून वकील. आई गेल्यापासून या दोघांना मी वेगवेगळं पाहिलेलं नाही.

गेल्या आठवड्यात बँकेतल्या बाई कोटाची फिटिंग बघायला आल्या. आरशासमोर उभ्या राहिल्या त्या नाकाला रुमाल लावून. शेवटी कोट तसाच घेऊन गेल्या, दुसरीकडे दुरुस्त करून घेईन म्हणाल्या. एक गिऱ्हाईक गेलं तर गेलं. पण महिनाअखेरीला रुग्णालयातल्या नर्सबाई गणवेशाची मापं द्यायला येणार आहेत. ते काम मिळालं तर वर्षभर मशीनला उसंत नाही, आणि त्या नाक धरून परत गेल्या तर पुन्हा यायच्या नाहीत. म्हणून मी ठरवलंय, तोपर्यंत वास गेला नाही तर वकिलाला रोपवाटिकावाल्याकडे पाठवायचं. त्याला राखणीला कुत्रा हवाच आहे. बाबांना अजून सांगितलेलं नाही. ते हल्ली जे काही बोलतात ते वकिलाशी. तो गेला की या घरात माझ्या मशीनचाच काय तो आवाज उरेल, आणि त्याची मला भीती वाटते.

तू दातांच्या धंद्यातला. काही खायला घालून हा वास जातो का, ते कळव. घरातलंच काहीतरी सांग. औषधाची बाटली दिसली की वकील पलंगाखाली शिरतो आणि पुढची तारीख मागतो.

माझ्यावर आहे तेवढी माया राहू दे, त्यातली थोडी वकिलाच्या नावे काढून ठेव.

तुझी ताई


दि. ९ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझ्या अक्षरातलं जाड पाकीट बघून हातातलं काम टाकलं. वाटलं, बाबांचं काही. उघडलं तर कुत्र्याचं तोंड. हायसं वाटलं, म्हणून त्याचा राग नाही.

पण तू चुकीच्या दारात आलीस. मी कवळ्या बनवतो. माझ्या टेबलावर येतात ती प्लास्टरमधली तोंडं. त्यांना जीभ नसते, वास नसतो आणि ती चावतही नाहीत. तरीही इज्जतीचा प्रश्न म्हणून आमच्या कार्यशाळेत चौकशी केली. हिशेब बघणाऱ्या बाईंकडे तीन कुत्रे आहेत, त्या म्हणाल्या की कच्च्या गाजराचा जाडसर तुकडा द्यावा, चावताना दातांवरचं किटण खरवडलं जातं. सफरचंदाची फोड चालते. बिनसाखरेचं दही चमचाभर, आणि त्यात पुदिन्याची दोन पानं चिरून. एवढं त्यांचं. माझ्याकडून सोबत पुदिन्याच्या गोळ्यांचं पाकीट पाठवतो आहे. नवी कवळी घेणाऱ्यांना आम्ही हेच देतो. पूर्ण बिनसाखरेच्या आहेत, दात किडायची भीती नाही. वकिलाला रोज एक दे. नर्सबाई येईपर्यंत तो बोलायला लागला तरी कोणी रुमाल काढणार नाही.

बाबांची कवळी कशी चालली आहे? बारा वर्षं झाली. सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकट्याने केलेलं माझं ते पहिलं काम. अजून कोणी माझं काम बघायला आलं की मी त्यांना बाबांचं उदाहरण देतो.

वकिलाला घालवायची घाई करू नकोस. बाबांना नमस्कार सांग आणि माझ्याबद्दलचं बरं मत, जेवढं शिल्लक असेल तेवढं, टिकवून ठेव.

तुझा धाकटा


दि. १८ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझ्या गोळ्यांपायी मी जनावरांच्या डॉक्टरांची बोलणी खाल्ली. बरं झालं, द्यायच्या आधी पाकीट त्यांना दाखवलं. त्यांनी मागची बारीक अक्षरं वाचली आणि चष्मा काढून माझ्याकडे बघितलं. साखरेऐवजी त्यात जे गोड घालतात ते माणसाला चालतं, पण कुत्र्याला विष आहे म्हणाले. दोन-चार गोळ्यांनीसुद्धा रक्तातली साखर झपकन उतरते, पुढे यकृतावर जातं. कोणी सुचवलं म्हणून विचारत होते. मी म्हटलं, आमचा भाऊ आहे, दातांतलाच आहे. त्यावर ते नुसते हसले. ते मला जास्त लागलं.

तुझ्या हिशेबाच्या बाईंचं मात्र त्यांना पटलं. गाजर, काकडी, उकडलेला लाल भोपळा हे सगळं बिनमिठाचं आणि थोडं थोडं. सफरचंद बिया आणि मधला भाग काढून. दही पचत असेल तरच. पुदिना जिभेला लावण्यापुरता. कांदा, लसूण, द्राक्षं, बेदाणे, चॉकलेट यांना हात लावू द्यायचा नाही. आणि हे सगळं वरवरचं, असंही त्यांनी बजावलं. वास दाताच्या मुळातून किंवा पोटातून येत असेल तर गाजर काय करणार? म्हणून त्यांनी तोंड उघडून नीट बघितलं, रक्त तपासलं. थोडं किटण सोडलं तर दात भक्कम, हिरड्या गुलाबी, मूत्रपिंडं ठीक, साखर ठीक. तोंडाजवळ नाक नेऊन म्हणाले, कुत्र्याच्या तोंडाला येतो तेवढाच येतोय. आता चार मांजरं आणि एक बोकड असलेल्या त्या दवाखान्यात त्यांना वेगळा वास काय कळणार, तूच सांग.

घरी खाणं सुरू केलंय. गाजराचे तुकडे आणि सफरचंदाच्या फोडी बाबांच्या ताटलीत ठेवते, दोघांचा वाटा एकत्रच. वकील एकही तुकडा ठेवत नाही. बाबा कौतुकाने आपला वाटाही त्यालाच घालतात. कुत्रा अंगाने भरलाय, बाबा मात्र वाळलेत.

कवळीचं विचारलंस. बाबा तिच्याबद्दल चकार शब्द काढत नाहीत, म्हणजे उत्तम चालली असणार. त्यांचं तुला माहीतच आहे. उभा जन्म बस चालवली, पण रस्त्यात गाय बसली तरी हॉर्न वाजवायचे नाहीत, ती उठेपर्यंत थांबायचे.

तुझ्या गोळ्या रिळांच्या मागे, वरच्या फळीवर ठेवल्या आहेत. वकिलाचा हात पोचत नाही तिथे.

रागावलेली आहे, पण तुझीच,
ताई


दि. २४ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

डॉक्टरांच्या हसण्यासकट सगळं मान्य. आमच्या धंद्यात साखर हा एकमेव शत्रू, त्यामुळे जे बिनसाखरेचं ते आपोआप आपलं वाटतं. माणसांपुरतं ते खरंही आहे. वकिलाची मी माफी मागितली आहे असं त्याला सांग, आणि ते पाकीट आजच फेकून दे.

एक सुचवतो. नर्सबाईंची मापं मागच्या खोलीत घे. आरसा उचलून नेता येईल. वकिलाला पाठवू नकोस, ताई. बाबा नाही म्हणणार नाहीत, आणि तेच वाईट आहे. ते नाही म्हणत नाहीत म्हणून आपण आजवर त्यांच्या बाबतीत बरंच काही परस्पर ठरवत आलो. ते जेवतात ना नीट? वाळलेत असं लिहिलंस ते सारखं मनात येतं.

या उपदेशासकट मला सांभाळून घे.

धाकटा


दि. ४ मार्च

चि. धाकट्यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

वकिलाला रविवारी पाठवला. आधी ते लिहून टाकते म्हणजे बाकीचं नीट लिहिता येईल.

मधे चार-पाच दिवस वास खरंच कमी झाला होता. मी म्हटलं, गाजर लागू पडलं. शेजारणीलासुद्धा सांगून आले. तुझं पत्र आलं तशी पाकीट फेकायला फळीवर हात घातला, तर पाकीट नाही. शोधता शोधता ते बाबांच्या खुर्चीच्या गादीखाली सापडलं, रिकामं. तशीच वकिलाला उचलून डॉक्टरांकडे पळाले. त्यांनी बघितलं, म्हणाले याने काहीही खाल्लेलं नाही. घरी आले तर बाबा दारातच उभे. म्हणाले, त्याला कशाला नेलंस, गोळ्या मी खाल्ल्या, मला पुदिना आवडतो. ऐंशी पार केलेला माणूस फळीवरून गोळ्या चोरून खातो, मला हसूच आलं. मी त्यांना बाळ म्हटलं. ते हसले नाहीत.

गोळ्या संपल्या आणि वास परत आला, दुप्पट आला. योगायोगच म्हणायचा. आरसा मागच्या खोलीत न्यायचा प्रयत्न केला, पण तिथे उजेड नाही आणि मशीन दारातून जात नाही. नर्सबाई आल्या. त्यांच्यातल्या मोठ्या बाई स्वभावाने चांगल्या आहेत. न बोलता त्यांनी दोन्ही खिडक्या उघडल्या. मापं दिली, पण जाताना म्हणाल्या की पुढची फिटिंग इथेच असेल तर कुत्र्याचं काहीतरी बघा. मी त्याच संध्याकाळी बाबांना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. वकिलानेही ऐकून घेतलं. रविवारी रोपवाटिकावाला आला तेव्हा बाबांनी वकिलाची सतरंजी स्वतः झटकून घडी घातली आणि त्याच्या हातात दिली. वकील गाडीत बसला तो मागे बघत गेला.

आता पुढचं ऐक. खोली फिनेलने पुसली. गादी उन्हात टाकली, पडदे धुतले. कुत्रा नाही, सतरंजी नाही, आणि वास आहे. भिंतीत मुरलाय की काय कळत नाही. बाबा दुधात बुडवलेल्या पावावर आहेत. तोंड उघडत नाहीत, माझ्याकडे मान वळवूनही बसत नाहीत. माझ्यावर राग धरला असेल तर तो बरोबरच आहे. मला फार वाईट वाटतंय, धाकट्या. एवढ्यातेवढ्या वासासाठी मी त्यांचं माणूस काढून घेतलं.

काय करू ते कळव. माया मागायचंही आज धाडस होत नाही.

ताई


दि. ५ मार्च

चि. धाकट्यास,
आशीर्वाद.

हे पत्र तुझ्या ताईला न सांगता लिहीत आहे. समोरचा किराणावाला टपालात टाकील.

नोकरीत असताना काही घडलं तर त्याच दिवशी लिहून द्यायचा नियम होता. मी उशीर केला. तर हकिगत अशी. वास वकिलाच्या तोंडाला येत नाही. माझ्या तोंडाला येतो. खालच्या कवळीखाली डाव्या बाजूला जखम आहे. फुटक्या मडक्यासारखं तोंड झालं आहे, आत काही ठेवलं की सांडतं. कवळी पूर्वी घट्ट बसायची, आता हलते, आणि हलते तिथे कापते. काढून ठेवली तर तुझी ताई विचारील, म्हणून काढत नाही. चावता येत नाही, म्हणून गाजर वकिलाला दिलं. त्याच्यावर आळ आला तेव्हा तुझ्या गोळ्या चघळून पाहिल्या. त्या असेतोवर बरं होतं.

आधी का सांगितलं नाही, हे तू विचारशील. ती कवळी घेऊन तू आलास तो दिवस मला आठवतो. माझ्या तोंडात बसवलीस आणि मला फुटाणे खायला दिलेस, आणि मी चावत असताना तू माझ्याकडे बघत होतास. ती आता बसत नाही असं तुला कोणत्या तोंडाने सांगू? वाटलं, माझे दिवस ते किती राहिले, निघून जातील. वकिलाचा विचार त्यात केला नव्हता. त्याला गाडीत बसवलं तेव्हाही मी बोललो नाही. तो काही बोलू शकत नव्हता, मी बोलू शकत होतो.

तुझ्या ताईला तू समजावून सांग. तिला राग आला तर येऊ दे. कुत्रा परत आणायला सांग. मला त्याच्याशिवाय करमत नाही.

तुझे बाबा


दि. ९ मार्च

ती. बाबांच्या चरणी,
शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र मिळालं. ताईला मी फोन केला, तुम्ही अंगणात होतात तेव्हा. ती रागावलेली नाही. म्हणाली की बापाच्या तोंडाकडे नाक न्यायचं कोणाच्या डोक्यात येतं? दात साफ, दाढी रोजची, सदरा कडक इस्त्रीचा, अशा माणसाचा संशय घ्यायचा कसा? खुर्चीपाशी तुम्ही दोघं होतात, तिने त्यातल्या त्यात कुत्रा निवडला. मी तर तोंडांच्याच धंद्यात आहे. कुत्र्याच्या तोंडाची चौकशी दोन-दोन पानं केली आणि तुमच्याबद्दल एक ओळ लिहिली, तीही माझ्या कामाचं कौतुक ऐकायला.

आता माझ्या धंद्यातली गोष्ट सांगतो, ती ऐका. कवळी बिघडलेली नाही आणि तुम्हीही बिघडवली नाही. दात नसले की जबड्याचं हाड वर्षावर्षाने झिजतं, हिरडी आत जाते. कवळी आहे तशीच राहते, तोंड बदलतं. बारा वर्षं एकच कवळी कोणालाच चालत नाही. हे मी येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येकाला सांगतो, पाचेक वर्षांनी दाखवून जा म्हणतो. तुम्हाला सांगायचं राहिलं, कारण तुमची उत्तम चालली आहे असं मी धरून चाललो होतो.

पत्र मिळाल्याबरोबर कवळी काढून पेल्यात ठेवा. ताईसमोर काढा. बुधवारी मी येतो आणि तुम्हाला दातांच्या डॉक्टरांकडे नेतो. जखम इतके दिवस राहिली आहे, ती त्यांनीच बघायला हवी. ती भरली की नवं माप घेऊ. हे पत्र मिळेपर्यंत वकील घरी आलेला असेल, ताई स्वतः आणायला जाणार आहे.

एकच मागणं आहे. नवी कवळी कुठे बोचली, घासली, हलली, तर मला कळवा. मी केलेली आहे म्हणून गप्प बसू नका. मी केलेली आहे म्हणूनच सांगा.

तुमचा हात डोक्यावर असू द्यावा.

आपला धाकटा


दि. ११ एप्रिल

चि. धाकट्यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

दातांच्या डॉक्टरांनी जखमेचा बारीकसा तुकडा तपासायला पाठवला होता, त्याचं लेखी उत्तरही आता हातात आलं, फोनवर कळलं होतं तेच. वाईट काही नाही. जखम भरली आहे. ते आठ दिवस आपण तिघांनी कसे काढले ते तुला माहीत आहे, म्हणून पुन्हा लिहीत नाही.

नर्सबाईंची दुसरी फिटिंग काल झाली. मोठ्या बाईंनी आत येऊन एक मोठा श्वास घेतला आणि वकिलाकडे बघून म्हणाल्या की औषध लागू पडलेलं दिसतंय. मी हो म्हटलं. बाबांनी वर्तमानपत्र तोंडासमोर धरलं. वकिलाने आळ तसाच पत्करला, मान तिरकी केली आणि पाहुण्यांचे बूट हुंगायला गेला. रोपवाटिकेत त्याने तीन कुंड्या उकरल्या, त्या भरून द्याव्या लागणार आहेत.

तू परवा बसवून दिलेली कवळी बाबा दिवसभर घालतात. मी विचारलं की ठीक आहे म्हणतात. त्यांच्या ठीक आहेवर माझा आता काडीचा विश्वास नाही. गाजराची ताटली पहिल्यासारखी ठेवते. आज त्यातला एक तुकडा त्यांनी स्वतः खाल्ला. फार वेळ लागला. वकील समोर बसून बघत होता, निकाल विरुद्ध गेल्यासारखा.

माया वाढवलीस तरी हरकत नाही, जागा आहे.

ताई


दि. १६ एप्रिल

चि. धाकट्यास,
आशीर्वाद.

नवी कवळी खाली उजव्या बाजूला, शेवटच्या दाढेच्या मागे, किंचित घासते. गाजर चावताना जास्त जाणवतं. जखम नाही, लाल झालं आहे, ताईला बोट लावून दाखवलं. कानशीने थोडं खरवडलंस तर बसेल असं वाटतं. सवडीने ये, पण ये.

वकील बरा आहे. त्याचा वाटा त्याला देतो, माझा मी खातो.

कळवायला सांगितलं होतंस, म्हणून कळवलं.

तुझे बाबा